एका खोलीचे घर : रंगसफेती व ओटा

दिवाळीची सुटी जवळ आली की वडाळा, नायगाव व दादर ह्या भागांतील चाळींच्या गॅलऱ्यांत पिंपे, ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्या दिसू लागतात. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत हाच देखावा नाताळापूर्वी पंधरा दिवस पाहावयास मिळतो. सण कोणताही असो, घर एकदा रिकामे करून पुन्हा लावावे ही इच्छा सर्वांची सारखीच. ह्या कामी मुले उत्साहाने पुढे येतात, आणि बहुधा प्रथम त्यांनाच "तू मध्ये लुडबुड करू नकोस" म्हणून बाहेर घालविण्यात येते. हे आम्हांस बरे वाटत नाही. जो मुलगा शास्त्राच्या तासास चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधासारखी होताना पाहतो, त्यास घरच्या भिंतीवर तोच चमत्कार करून पाहण्याचा हक्क आहे. म्हणून भिंत आणि स्वयंपाकाची जागा ह्या दोहोंसंबंधी, आम्ही जे वाचले व जे चुकून शिकलो, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थी एका खोलीच्या घरातून येतात. अशा घरांचा विचार करताना नायगावच्या बी. डी. डी. चाळींची आठवण प्रथम होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे चाळींस चिकटली ती कायमची. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता, आणि त्याच्या खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी व सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. नायगावास त्यांपैकी ४२ चाळी आल्या. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. प्रारंभीच्या वर्षांत ह्यांतील कित्येक खोल्या भाडेकऱ्यांवाचून पडून होत्या, हे आज कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही.

एकशेसाठ चौरस फूट म्हणजे किती, हे ज्यांस समजत नसेल त्यांनी जमिनीवर खडूने दहा फूट रुंद व सोळा फूट लांब चौकोन आखावा. त्यात पाच-सहा माणसांचे निजणे, जेवणे, अभ्यास, देवघर किंवा प्रार्थनेची जागा, आणि शिवाय स्वयंपाकघर बसवून दाखवावे. भूमितीच्या पुस्तकात ह्याहून कठीण कूट आम्हांस आढळलेले नाही.

२०१८ साली दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी आम्ही गेलो होतो. मुलगा हुशार, परंतु सहामाहीत त्याचे गुण घसरले होते. खोलीत शिरताच कारण निम्मे उमगले. भिंती धुराने व तेलाच्या वाफेने काळवंडलेल्या, दिवा एकच आणि तोही दाराच्या बाजूस; मुलगा भिंतीकडे तोंड करून स्वतःच्याच सावलीत वाचीत होता. आम्ही सहज म्हणालो, "निदान चुना तरी काढून घ्या." त्यावर त्याच्या आईने उत्तर केले, "सर, भूमिपूजन झालं आहे. चाळ पडायचीच आहे, मग भिंतीला पैसे कशाला घालायचे?"

हा प्रश्न अविचाराचा नव्हता. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले होते, आणि गळती लागलेल्या नावेस रंग देण्यात काय हशील, असे कोणासही वाटावे. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. उत्तर मुलानेच दिले : "आई, चाळ कधी पडेल ते ठाऊक नाही, पण परीक्षा मार्चमध्येच आहे ना!" पुढे वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. भूमिपूजनापासून मोजल्यास मध्ये आठ दिवाळ्या गेल्या. एवढ्या काळात एक मूल तिसरीतून दहावीत जाते. नव्या घराची वाट पाहणाऱ्याने जुन्या भिंतीकडे पाठ फिरवावी, हा हिशेब आम्हांस तरी परवडणारा वाटत नाही.

आता चुन्याकडे वळू. बाजारात डबाबंद रंग पुष्कळ आहेत, आणि मुंबईने त्या धंद्यात मोठी भर घातली आहे. लोअर परळ येथे १९२० साली गहागन पेंट्स नावाचा कारखाना निघाला, त्याचेच पुढे नेरोलॅक झाले. १९४२ साली चौघा मुंबईकर मित्रांनी एशियन पेंट्सचा प्रारंभ केला. त्यांच्या डब्यावरचा, हाती कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू आर. के. लक्ष्मण ह्यांनी १९५४ साली रेखाटला, हे आजच्या मुलांपेक्षा त्यांच्या आजोबांस अधिक आठवेल. तथापि जुन्या, ओल धरणाऱ्या भिंतीसाठी आमचे मत अद्याप साध्या चुन्याच्याच बाजूचे आहे. त्याचे कारण स्वस्ताई हे आहेच, पण ते एकमेव नव्हे.

चुनखडीचा दगड भट्टीत भाजला म्हणजे त्यातील कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात पडताच खदखदतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. हा भिंतीवर फासला म्हणजे हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेऊन तो हळूहळू मूळचा दगड बनतो. म्हणजे चुना काढणे हे रंग लावणे नसून भिंतीवर दगडाचा अतिपातळ थर चढविणे होय. हा थर सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते. तेलरंगाचे तसे नाही. तो भिंतीचे तोंड दाबून धरतो.

एक किलो कळीच्या चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी लागते. येथे एक गोष्ट मुलांनी विसरू नये : चुना पाण्यात थोडा थोडा सोडावयाचा, चुन्यावर पाणी ओतावयाचे नाही. तसे केल्यास उकळता चुना अंगावर उडतो. पातळ प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते, म्हणून जुना पत्र्याचा डबा घ्यावा. हे काम वडील माणसानेच करावे, आणि डोळ्यांवर चष्मा असल्यावाचून करू नये. चुन्याचा थेंब डोळ्यात गेलाच तर डोळा वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावा व लगेच डॉक्टर गाठावा. विरलेला चुना रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळावा. हाताला लागू नये म्हणून त्यात सरस किंवा डिंक विरघळवून घालतात, आणि शुभ्रता यावी म्हणून नीळ. नीळ किलोमागे तीन ग्रॅमच्या वर नको, नाही तर भिंत आजारी दिसते. पहिला हात आडवा द्यावा, तो वाळल्यावर दुसरा उभा. पहिला हात ओला असताना भिंत मळकट व पारदर्शक दिसते, आणि घरातील सर्व मंडळी "पैसे वाया गेले" म्हणून उसासे टाकतात. त्यांजकडे लक्ष देऊ नये. सकाळपर्यंत भिंत आपोआप पांढरी होते.

जुन्या तेलरंगावर मात्र चुना बसत नाही. तो पोपडे होऊन गळतो. आणि तेलरंग खरवडून काढावयाचा तर जपून. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे घालीत असत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपलीकडे नसावे, असा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांवरील रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते, आणि शिसे मेंदूच्या वाढीस बाधक असते. अशा वेळी पृष्ठभाग ओला करून घासावा, तान्ह्या मुलांस शेजारी पाठवावे, आणि खरवड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

आमची फजिती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वडाळ्यास आम्ही प्रथम बिऱ्हाड केले तेव्हा तळमजल्यावरील एका भिंतीस लोणा लागलेला होता. वडाळ्याची जमीन खाडीकाठची, जवळच मिठागरे; भिंतीतून मीठ फुलून येणे येथे नवल नव्हे. आमच्या शेजारच्या वयोवृद्ध रंगाऱ्याने बजावले होते, "मास्तर, पाऊस नुकता सरला आहे, भिंतीला श्वास घेऊ द्या." पदवीधर मनुष्य अशा सल्ल्यास किती मान देतो हे वाचक जाणतातच. सप्टेंबर अखेरीस आम्ही उत्तमापैकी फिकट हिरवा तेलरंग आणून स्वहस्ते लावला आणि पाहुण्यांस दाखविला. नाताळास पाहुणे पुन्हा आले तेव्हा त्याच भिंतीवर पापडाएवढे फोड आले होते, आणि त्यांपैकी एक आमच्या मेव्हण्यांच्या चहात पडला.

त्यानंतर एक सोपी परीक्षा आम्ही शिकलो. वीतभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांस चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा व दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे बिंदू जमले तर ओल भिंतीच्या पोटात आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीतील हवेची व स्वयंपाकाच्या वाफेची आहे. पहिल्या प्रकारात पाण्याचा उगम शोधून बंद केल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही. दुसऱ्या प्रकारात झरोका उघडा ठेवणे हाच उपाय, आणि त्यास एक पैसाही पडत नाही.

काँक्रीटच्या जुन्या इमारतींत आणखी एक खूण पाहावी. छताच्या पोटाशी सरळ रेषेत लांबच लांब तडा गेला असेल व कडेने तांबूस डाग असेल, तर आतील लोखंडी सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो व काँक्रीट आतून फोडतो; समुद्राच्या खाऱ्या हवेने हे लवकर घडते. अशा तड्यात लांबी भरून वर रंग फासणे म्हणजे गळवावर पावडर लावणे होय. तेथे खिळा ठोकू नये, पोटमाळ्याचे ओझे वाढवू नये, आणि ज्यांच्या ताब्यात इमारत आहे त्यांस लेखी कळवावे. हौसेच्या कामाची सीमा येथे संपते.

आता स्वयंपाकाची जागा. ह्या विषयाचा जगात सर्वांत प्रसिद्ध अभ्यास एका स्त्रीने केला. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी कामगारांसाठी घरे बांधली जात असता मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की ह्या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी त्यांची स्वयंपाकघरे आखली. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील चिंचोळ्या जागेत इतक्या लोकांचे जेवण कसे तयार होते, हे त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेविले. गृहिणीस कोणत्या कामास किती पावले चालावे लागते ते मोजले, आणि १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब एवढ्या जागेत सर्व काही बसविले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे झाली. पिठाचे खण त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण त्या लाकडाने पिठात कीड होत नाही असा अनुभव होता. आपल्या आज्या धान्यात कडुलिंबाचा पाला घालीत, तो ह्याच जातीचा विचार. मौजेची गोष्ट ही की, त्यांचे ते लहानात लहान स्वयंपाकघर सुमारे सत्तर चौरस फुटांचे होते, म्हणजे नायगावच्या एका सबंध खोलीच्या निम्म्यास थोडे कमी.

मुद्दा पावले मोजण्याचा आहे. घरच्या घरी एक दिवस मुलांनी हे करून पाहावे. आई भाकरी करीत असता पिठाचा डबा, पाण्याचे पिंप, शेगडी आणि मोरी ह्यांच्यामध्ये किती वेळा उठते-बसते किंवा फिरते, ते वहीत रेघा ओढून टिपावे. आमच्या त्या विद्यार्थ्याने टिपले तेव्हा कळले की तिखटमिठाचा डबा शेगडीच्या विरुद्ध भिंतीवर होता आणि तो तेथे का होता हे कोणासच सांगता येईना. तो हलविण्यास दोन खिळे व एक फळी पुरली.

ओट्याची उंची हा दुसरा प्रश्न. चूल जमिनीवर होती तोवर बसून स्वयंपाक होई. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट ह्यांनी शोधलेला प्राइमस स्टोव्ह मुंबईच्या घराघरांत शिरला, पुढे १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने येथे सिलिंडरचा गॅस विकावयास आरंभ केला, आणि स्त्रिया हळूहळू उभ्या राहून रांधू लागल्या. पण ओटा बांधला तो गवंड्याच्या सवयीच्या मापाने. योग्य माप असे : जी व्यक्ती अधिक वेळ रांधते तिने सरळ उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे, जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरावी आणि त्यातून चार इंच वजा करावे. तेथे गाठ मारावी. पाच फूट उंचीच्या बाईंसाठी हे माप साधारण तेहतीस-चौतीस इंच येते. ओटा ह्याहून उंच असला तर खांदे दुखतात, बुटका असला तर कंबर. आणि ज्या दुखण्यास आपण वयाचे दुखणे म्हणतो ते कित्येकदा केवळ दोन इंचांचे असते. आम्ही एका सुटीत वर्गास हे माप घेऊन येण्यास सांगितले होते. बहुतेक वह्यांत सुतळीची गाठ व ओटा ह्यांचा मेळ बसला नाही, आणि एका मुलीने खाली लिहिले होते : "आमच्याकडे माप विचारण्याचे आईला कोणी विचारले नव्हते."

ओट्यावरील दगडाविषयी थोडे. मुंबईत काळा कडप्पा स्वस्त व सर्वत्र मिळणारा. आंध्रातील कडप्पा जिल्ह्यावरून त्यास हे नाव पडले. हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच व कोकम ह्यांच्या आम्लाने त्याची चकाकी जाऊन पांढरट डाग पडतो. ग्रॅनाइटवर तसे होत नाही. दुकानदार काहीही म्हणो, तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून घटकाभराने पुसून पाहावा. दगड स्वतःच आपली जात सांगतो. कडप्पा घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. सांडलेले लगेच पुसावयाची सवय असली तर तो दोन पिढ्या टिकतो.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट गॅसची, आणि तीकडे सुशिक्षित घरांतही दुर्लक्ष होताना आम्ही पाहिले आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो गळला तर पाण्यासारखा खाली उतरून जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखाली सुंदर दारांचे बंद कपाट करून त्यात सिलिंडर कोंडणे धोक्याचे. दारास खालच्या बाजूस जाळी किंवा मोकळी फट हवीच. उलट, १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसचा नळाने येणारा वायू मुख्यत्वे मिथेन असल्यामुळे हवेपेक्षा हलका. तो छताशी जमतो. तेव्हा ज्या घरी सिलिंडर जाऊन नळ आला त्यांनी वरचा झरोका उघडा आहे की पोटमाळ्याच्या फळीने बुजला आहे, ते आधी पाहावे. वास आल्यास दिव्याचे बटन चालू किंवा बंद काहीच करू नये. दारे-खिडक्या उघडून नळ किंवा रेग्युलेटर बंद करावा व बाहेर जावे.

राहिली अभ्यासाची जागा. परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. स्वयंपाक, सरपण, भांडी व माणसे एकाच खोलीत. निजावयास जागा अपुरी, म्हणून वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलास अभ्यासास उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. ही गोष्ट सांगून मुलांस "पाहा, त्यांनी कसा अभ्यास केला" असे म्हणण्याची आपली रीत आहे. आम्ही ती पालकांस सांगतो, कारण रात्री दोनपर्यंत जागणारा तो बाप होता.

आमच्या विद्यार्थ्याच्या खोलीस त्या नोव्हेंबरात चुना लागला. बाप, मुलगा व मागील वर्गातील त्याचे दोन मित्र, दोन रविवार. दिवा दारावरून काढून डाव्या हातास घेतला, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडेना. पांढऱ्या भिंतीने उजेड परतविल्यामुळे दिवा तोच असून खोली उजळ झाली. खिडकीखाली बिजागरीची एक फळी बसविली. संध्याकाळी ती टेबल होई आणि निजावयाच्या वेळी भिंतीस टेकून खाली लोंबे. मुलाच्या आईने सुतळीचे माप घेतले तेव्हा ओटा तीन इंच बुटका निघाला. तो पाडून बांधणे चाळीत शक्य नव्हते, म्हणून भाजी चिरण्याकरिता व कणीक मळण्याकरिता जाड लाकडी पाट ओट्यावर ठेविला. शेगडी मात्र होती तेथेच ठेवली, कारण उंच पातेल्यात डाव फिरविताना ओटा बुटका असलेलाच सोयीचा.

पुढे ते कुटुंब तात्पुरत्या गाळ्यात राहावयास गेले. सामान बांधताना गाठ मारलेली ती सुतळी त्या बाईंनी पोळपाटास गुंडाळून बरोबर नेली. नव्या जागी ओटा दोन इंच उंच निघाला आहे. मुलाने पायांखाली घेण्यास जुन्या दाराच्या फळीचा पाट करून दिला, आणि खाली रबराचे तुकडे ठोकले, म्हणजे ओल्या फरशीवर तो सरकत नाही.